खडेबाजारामागच्या बोळातून आणलेलं टोल्याचं घड्याळ

साडेनऊ हजार रुपये मोजून आयुष्यातलं पहिलं जुनं घड्याळ घरी आणलं, त्याला आता चार महिने झाले. सेइकोशा या जपानी कारखान्याचं आहे. लांबट लाकडी पेटी, काचेआड पितळी लंबक, एकदा चावी दिली की आठ दिवस चालणारं. बेळगावात खडेबाजाराच्या मागच्या एका बोळात जुनी भांडी आणि लाकडी सामान विकणाऱ्या दुकानात मिळालं. बारा हजार सांगितले होते, तासभर बसल्यावर साडेनवावर आले.

सासूबाई निपाणीच्या. त्यांच्या माहेरी तंबाखूच्या वखारीत असंच घड्याळ होतं, भावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा कुणाकडे गेलं ते कुणालाच सांगता आलं नाही. टोल्यांचा विषय त्यांच्या बोलण्यात वरचेवर यायचा, तेव्हापासून मी शोधात होते.

आधी दुसऱ्या एका व्यापाऱ्याकडे फसता फसता वाचले. तबकडीवर जर्मन नाव, किंमत पंधरा हजार, आणि शंभर वर्षांची खात्री तोंडी. मी पेटी उघडायला लावली. यंत्र ज्या स्क्रूंनी बसवलं होतं, त्यांच्या डोक्यावर अधिकच्या चिन्हासारखी खाच! शंभर वर्षांपूर्वीच्या घड्याळात सरळ एकाच खाचेचे स्क्रू असतात, हे चौफुलीचे १९३०नंतर आले. तबकडीखाली जुनी रिकामी भोकंही दिसली, म्हणजे पेटी एकाची आणि तबकडी दुसऱ्याची. विचारलं तर उत्तर न देता त्यांनी पेटी बंद केली. फार वाईट वाटलं, कारण आपल्याकडे अशी वस्तू माणसं हौसेनं, पैपै साठवून घेतात.

म्हणून बोळातल्या दुकानात सगळं उघडून बघितलं. पितळी पट्टीवर कंपनीचा शिक्का, सरळ खाचेचे स्क्रू, तबकडीचा कागद चावीच्या भोकांभोवती बोटांनी मळलेला. तो मळ मला फार आवडला. किंतारो हात्तोरींनी तोक्योत १८९२ साली सेइकोशा कारखाना काढला तो भिंतीवरच्या घड्याळांपासूनच, आणि आजची सेइको कंपनी त्याच परंपरेतली. माझं नेमकं कोणत्या साली बनलं ते मी शोधत बसले नाही.

घरी आणून भिंतीला लावलं आणि दहा मिनिटांत बंद. पुन्हा हलवलं, पुन्हा बंद. दुकानदार फोनवर म्हणाला, "चावी कमी दिली असशीला." चावी पूर्ण होती. मग शहापुरातल्या एका घड्याळजी मामांना घरी बोलावलं. सत्तरी ओलांडलेले, घरात कानडी बोलणारे, मराठी आपल्यासारखंच. त्यांनी यंत्राला हात लावला नाही. डोळे मिटून ऐकत उभे राहिले.

"अक्का, लंगडतंय की हे. ऐका."

ऐकलं. टिक, मग लगेच टॉक, आणि मग लांब थांबा. दोन आवाजांमधलं अंतर सारखं हवं, नाहीतर लंबकाला एका बाजूनं पुरेसा धक्का मिळत नाही आणि तो थांबतो. मामांनी पेटीचा खालचा भाग बोटभर डावीकडे सरकवला, तशी चाल एकदम सारखी झाली. पेटी मात्र तिरकी दिसू लागली, म्हणून त्यांनी लंबकाला ढकलणारी आतली तार केसभर वाकवली आणि पेटी परत सरळ लावली. तेव्हापासून घड्याळ थांबलेलं नाही. नंतर यंत्र खोलून साफसफाई, तेल, सगळे मिळून बाराशे रुपये घेतले. दुकानाला मी पाचपैकी तीन देईन, मामांना पूर्ण पाच.

दुसरी अडचण टोल्यांची होती. तीन वाजता पाच पडायचे. या घड्याळात टोल मोजणारं खाचांचं एक वेगळं चाक असतं, काट्यांशी ते बांधलेलं नसतं. वाहतुकीत ते पुढेमागे झालं होतं. आतली एक बारीक तार उचलली की काटे न हलवता टोल पडतात, काट्याशी जुळेपर्यंत तसं करायचं. हे मी आता स्वतः करते. मिनिटकाटा मात्र उलटा फिरवायचा नाही, आणि पुढे नेताना प्रत्येक तासाला व अर्ध्याला टोल पूर्ण पडू द्यायचे.

रविवारी सकाळी चावी देते, उजव्या भोकात चालण्याची, डाव्यात टोलाची. वेग लंबकाखालच्या नटानं जुळतो: गोळा वर घेतला की घड्याळ पुढे पळतं, खाली सोडला की मागे पडतं. पहिल्या आठवड्यात सहा मिनिटं मागे पडलं, आता आठवड्याला मिनिटभराचा फरक येतो. माझ्या लेखी ते उत्तम आहे.

अर्ध्या तासाचा एकेक टोल धरून दिवसाला १८० टोल पडतात. झोप हलकी असेल तर बेडरूमच्या भिंतीला लावू नका. आमचं स्वयंपाकघराच्या दाराशेजारी आहे. पहिल्या रात्री मी तीनदा जागी झाले, सासूबाई शांत झोपल्या होत्या. सकाळी चहा घेताना म्हणाल्या, "आमच्याकडचं जरा जड आवाजाचं होतं गं." मामांना ते सांगितलं. हातोडी तारेच्या वेटोळ्यापासून किंचित लांब घेतली तर आवाज भरदार येईल, असं त्यांचं म्हणणं आहे. पुढच्या आठवड्यात येऊन बघणार आहेत.