बिलात 'इंजिन फुल खोलून पॉलिश', प्रत्यक्षात फक्त कव्हरांवर बफ

बिलावर तीन ओळी होत्या: 'इंजिन फुल खोलणे व धुणे', 'सर्व केसिंग मिरर पॉलिश', 'गॅस्केट सेट नवीन'. रक्कम 16,800 रुपये. गाडी 1972 सालची बुलेट 350, बिडाच्या बॅरलची. परत आली तेव्हा टायमिंग कव्हरात, म्हणजे इंजिनाच्या उजव्या बाजूच्या झाकणात, बघून भांग पाडावा अशी चमकत होती. साडेतीनशे किलोमीटरवर खालून ठोका ऐकू यायला लागला. इंजिन उघडल्यावर दिसलं की तीन ओळींपैकी मधली तेवढी निम्मी खरी आहे.

झालं होतं ते असं. टायमिंग कव्हर, प्रायमरी चेनकेसचं (इंजिनाकडून गिअरबॉक्सला जाणाऱ्या साखळीचं) कव्हर आणि गिअरबॉक्सचं कव्हर काढून बफवर, म्हणजे पॉलिशच्या फिरत्या कापडी चाकावर, धरली होती. टायमिंग कव्हरातले ऑइलपंप तसेच ठेवून, तेलाच्या वाटा बंद न करता. क्रँककेस, म्हणजे ज्यात क्रँक फिरतो ते दोन अर्ध्यांचं खालचं खोकं, फ्रेममधून हललीच नव्हती. तिच्यावर कॉस्टिक सोड्याचं पाणी मारून पाइपने धुतलं होतं. दोन अर्ध्यांच्या सांध्यावर जुनी धूळ आणि तेलाचा थर खालच्या बाजूने जसाच्या तसा होता, आणि केसमधल्या ऑइल टाकीच्या तळाशी काळा गाळ बसलेला होता.

हा आळस इतका महाग का पडतो, ते या इंजिनाची रचना बघितली की समजतं. बुलेटचं टायमिंग कव्हर म्हणजे नुसतं झाकण नाही. पंप त्यातच, ऑइल फिल्टरची खोली त्यातच, आणि फिल्टरमधून निघालेलं तेल क्रँकच्या टोकातून बिग एंडला (कनेक्टिंग रॉड क्रँकला जिथे जोडला जातो तिथे) जातं ती वाटही त्याच कव्हरात कोरलेली. बफिंगचा साबण म्हणजे मेण-चरबीत घट्ट केलेली घासणारी पूड. ती त्या वाटेत चिकटली की थंड इंजिनात गप्प बसते. तेल तापलं की चरबी वितळते आणि पूड सुटते. ही जागा फिल्टरनंतरची असल्यामुळे तिला अडवायला मध्ये काहीच नसतं. त्यात या जुन्या 350 ला बिग एंडवर रोलर नसून फ्लोटिंग बुश (मोकळी फिरणारी धातूची कडी), म्हणजे सगळा भार तेलाच्या पातळ थरावर. बुशवर गोल ओरखडे पडले होते, ती ज्यावर फिरते ती क्रँकची पिनही खाल्ली गेली होती. पॉलिशच्या बिलामागून क्रँकचं बिल आलं, ते असं.

'नवीन गॅस्केट'च्या जागी लाल सिलिकॉन होतं, तेही बोटभर जाड. बाहेर आलेलं पुसलं जातं, पण तेवढंच आतही दाबलं जातं आणि त्याचा तुकडा सुटला की तेलाच्या भोकावर जाऊन बसतो. क्रँकच्या टोकावर बसणारं कॉर्कचं सील जुनंच, दबलेलं, परत घातलं होतं. टायमिंग कव्हर निघालं की हे सील बदलायचंच. नाहीतर बिग एंडला जायचं तेल तिथूनच केसमध्ये गळून जातं आणि बाहेर एक थेंबही दिसत नाही.

प्रायमरी कव्हर तर पहिल्याच दिवशी गळत होतं. ते मधल्या एकाच नटावर दाबून बसतं, म्हणून त्याची कड सपाट असणं फार महत्त्वाचं. बफवर कड धरली की ती गोल होते, मग नट कितीही आवळा. कव्हर वाकतं, गळती राहते.

चकाकीही खरी नव्हती. वरून लॅकर, म्हणजे पारदर्शक वार्निश, मारलं होतं. गरम होणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमवर लॅकर पिवळं पडतं, मग कडेने पापुद्रे सुटतात आणि खाली पाणी शिरून पांढऱ्या नागमोडी रेघा उठतात. कोकणात एक पावसाळा पुरतो. हे ओळखणं सोपं आहे: पांढऱ्या फडक्यावर मेटल पॉलिश घेऊन कव्हर घासा. उघडं अ‍ॅल्युमिनियम असेल तर फडकं लगेच काळं होतं. पांढरंच राहिलं तर वर लॅकर आहे. चंदेरी रंग मारला असेल तर थिनरचा बोळा कोपऱ्यात फिरवला की रंगच हाताला येतो.

कॉस्टिकबद्दल थोडं. सोडा अ‍ॅल्युमिनियम खातो. बुडबुडे येतात ते मळ निघतोय म्हणून नव्हे, धातू विरघळतोय म्हणून. मागे राखाडी-काळपट थर राहतो, आणि तोच झाकायला मग जोरात बफ मारावा लागतो. संडास धुवायचं अ‍ॅसिड वापरणारेही आहेत, त्यांच्याविषयी न बोललेलं बरं.

नीट काम करायचं तर आधी प्लगचं भोक, इनलेट, एक्झॉस्ट आणि ब्रीदर (केसमधली हवा बाहेर सोडणारी नळी) बंद करून रॉकेल किंवा डिझेल आणि ब्रशने धुवा. जळून बसलेलं तेल लाकडी पट्टीने खरवडा. ब्रश पितळी तारांचा घ्या, कारण लोखंडी तारेचे कण अ‍ॅल्युमिनियममध्ये रुततात आणि नंतर गंजाचे ठिपके देतात. मग कव्हरं काढून पंप, सील, स्टड, सगळं बाहेर. तेलाच्या वाटांना लाकडी किंवा रबरी बुचं. जोडाच्या कडांना जाड टेप. पॉलिश पेपर पाण्यात साबण घालून 320, 400, 600, 800, 1000 या क्रमाने. प्रत्येक नंबर आधीच्याला आडवा चालवायचा आणि आधीच्या रेघा पूर्ण गेल्याशिवाय पुढे जायचं नाही. बफवर घाई करणारा इथेच नंबर गाळतो. उन्हात तिरकं धरलं की चकाकीखाली चरे दिसतात ते त्याचेच. मग शिवलेल्या कडक चाकावर तपकिरी साबण, सैल सुती चाकावर पांढरा, दोन्ही चाकं वेगळी. कव्हर हाताला सोसवत नाही इतकं तापलं की थांबायचं. उठावाची अक्षरं चाकावर धरायची नाहीत, ती हाताने करायची. एकदा गोल झालेली अक्षरं परत येत नाहीत.

सगळ्यात कंटाळवाणं काम त्यानंतरचं. गरम पाणी आणि भांड्यांचा साबण, दोनदा. मग पेट्रोल, प्रत्येक वाटेत नायलॉनचा बारीक ब्रश, मग हवेचा दाब. वाटेतून ओढलेली पांढरी कापडाची वात पांढरीच निघाली पाहिजे. हे तासभर खाणारं काम बिलात कधी दिसत नाही. जोडल्यावर फिल्टरची खोली तेलाने भरून घ्यायची, इंजिन सुरू करून हेडवर जाणाऱ्या तेलाच्या पाइपचा बँजो बोल्ट (पाइपचं टोक पकडणारा, आतून तेल जाणारा पोकळ बोल्ट) किंचित सैल करायचा. तेल पाझरलं पाहिजे. नाही पाझरलं तर इंजिन लगेच बंद.

आणि क्रँककेस? ती कारखान्यातून आरशासारखी निघालीच नव्हती. चकचकीत असायची ती कव्हरं. केस ओतीव, मंदच. तिला मिरर पॉलिश करून देतो म्हणणारा अस्सलपणा घालवतो आणि वर त्याचे पैसे घेतो.

गाडी देण्याआधी क्रँककेसच्या खालच्या बोल्टांवर नेलपॉलिशचे ठिपके द्या, अर्धा बोल्टवर, अर्धा केसवर. केस खोलली तर ठिपका तुटणारच. कव्हरांच्या आतल्या अंगावर सुईने खूण करा, कारण जुनं कव्हर ठेवून बाजारातलं नवं बसवून देणं हा वेगळाच धंदा आहे. जुनी गॅस्केटं, सीलं, स्क्रू पिशवीत परत मागा. पैसे देण्याआधी टायमिंग कव्हर तुमच्यासमोर उघडायला लावा. खरं काम केलेला माणूस कुरकुरेल, पण उघडेल.

क्रँककेसवर ठोकलेला इंजिन नंबर हा शेवटचा आणि न सुधारता येणारा धोका. बफचं चाक दोनदा फिरलं की आकडे पुसट होतात, आणि आरसीशी जुळवताना संशय मालकावर येतो. 50 वर्षांवरच्या गाड्यांसाठी 2021 पासून व्हिंटेज नोंदणी आहे, 'व्हीए' मालिकेतली, नव्या नोंदणीला 20,000 रुपये. तिथे अस्सल इंजिन हाच मुद्दा. नंबरावर टेप लावून, 'इथे बफ नको' असं पावतीवर लिहून घ्या. आणि गाडी देण्याच्या आदल्या दिवशी नंबरावर कागद धरून पेन्सिल प्रिंट काढा, आरसीच्या झेरॉक्सला टाचून ठेवा.