घरी येणारी पॅलिएटिव्ह केअर टीम: चार स्टार, पाचवा का कापला तेही लिहिलंय

नवऱ्याला आतड्याचा कॅन्सर आहे, लिव्हरमध्ये पसरलेला, म्हणजे स्टेज चार. घरात दोन मुलं, मोठी शाळेत जाते आणि धाकटा अजून डायपरमध्ये. हे आधीच सांगते कारण असल्या सर्व्हिसचे जे रिव्ह्यू मी वाचले ते बहुतेक सगळे म्हाताऱ्या आईवडिलांसाठी घेतलेल्यांचे होते आणि लहान मुलांच्या घरातले प्रश्न वेगळे असतात.

पॅलिएटिव्ह केअर म्हणजे दुखणं आणि आजाराचे बाकीचे त्रास कमी करायची काळजी, पण नाव काढलं की घरच्यांचे चेहरेच पडतात. सासूबाईंनी तर सरळ विचारलं, म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले का गं? तसं काही नाहीये, केमो चालूच आहे, कॅन्सरचे डॉक्टरही तेच आहेत, ही टीम त्यांच्या जोडीला. 2010 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास आला होता, फुप्फुसाचा कॅन्सर पसरलेल्या 151 पेशंटचा, त्यात ज्यांना अगदी सुरुवातीपासून ही केअर दिली त्यांच्यात डिप्रेशन कमी दिसलं आणि ते जगलेही जास्त, साधारण 11.6 महिने विरुद्ध 8.9. आमचा कॅन्सर वेगळा, त्यामुळे तो आकडा आम्हाला लागू होईल असं मी म्हणत नाही, पण "आत्तापासून कशाला" हा घरातला वाद मिटवायला तेवढं पुरलं.

आता मुख्य मुद्दा, दुखणं. सिस्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलं शून्य ते दहामध्ये किती दुखतंय, हा म्हणाला चालतंय, दोन-तीन असेल. बाकीच्यांनी तेच लिहून घेतलं असतं. या बाईंनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, बरं मग धाकट्याला शेवटचं कधी उचललंत? तेव्हा कुठे बाहेर आलं की उजवीकडे बरगडीखाली एवढं दुखतं की उचलणं कधीच सोडलंय आणि त्या कुशीवर झोपताही येत नाही. शेजारी झोपून मला पत्ता नाही.

मग डॉक्टरांनी मॉर्फिन सुरू केलं. दर चार तासांनी, घड्याळ बघून, दुखायची वाट बघत बसायचं नाही, आणि मधेच कळ आली तर वेगळा छोटा डोस. त्याच दिवसापासून पोट साफ व्हायचं औषधही, कारण मळमळ आणि झापड बहुतेकांची काही दिवसांत कमी होते पण बद्धकोष्ठ काही जात नाही, मॉर्फिन आहे तोवर तो राहतोच. व्यसन लागेल का हे तर सगळेच विचारतात, आम्हीही विचारलं. दुखण्यासाठी मोजून दिलेल्या औषधाचं व्यसन लागणं क्वचितच होतं, असं त्यांनी न कंटाळता समजावलं.

पुढे गोळ्या जाऊन फेंटानिलचा, म्हणजे मॉर्फिनच्याच जातीच्या पण बऱ्याच जास्त जोरदार औषधाचा, अंगाला चिकटवायचा पॅच आला, 72 तासांनी बदलायचा, आणि इथे मी या टीमला मनापासून मानलं. काढलेल्या पॅचमध्येही बरंच औषध शिल्लक असतं, ते लहान मुलाने अंगाला चिकटवलं किंवा तोंडात घातलं तर श्वास बंद पडू शकतो. हे आम्हाला कोण सांगणार होतं? सिस्टरांनी धाकट्याकडे बघितलं आणि पॅच पाठीवर वरच्या बाजूला लावला, त्याचा हात पोचणार नाही असा. जुना पॅच चिकट बाजू आत घेऊन कसा दुमडायचा ते माझ्याकडून करून घेतलं, अंगावर लावलेल्या पॅचवर गरम पाण्याची पिशवी अजिबात ठेवायची नाही कारण उष्णतेने औषध भसाभस अंगात जातं, आणि बाकीची औषधं कुलपात. कुलूप लावलेलं बघितल्याशिवाय बाई निघाल्या नाहीत.

मुलांशी काय बोलायचं यासाठी समुपदेशक आहेत. आम्ही मोठीला "बाबाला बरं नाहीये" एवढंच सांगून वेळ काढत होतो, त्या म्हणाल्या कॅन्सर हाच शब्द वापरा, नाहीतर उद्या कुणाला साधी सर्दी झाली तरी पोरगी घाबरेल. मुलांच्या मनात तीन गोष्टी असतात म्हणे, माझ्यामुळे झालं का, मला होईल का आणि माझं कोण बघणार, त्यांनी नाही विचारलं तरी आपण सांगायचं. आम्ही सांगायला बसलो तर लेकीने सगळ्यात आधी विचारलं, मी बाबाच्या पोटावर उडी मारलेली म्हणून झालं का? म्हणजे इतके दिवस ती हे घेऊन फिरत होती. उत्तर नवऱ्यानेच दिलं. मरणार का याचंही उत्तर आधी ठरवून ठेवलेलं होतं: डॉक्टर म्हणतात हा कॅन्सर पूर्ण जाणार नाही, औषधं त्याला वाढू न द्यायचा प्रयत्न करतायत, काही बदललं तर तुला आम्हीच सांगू. ती बरं म्हणाली आणि खेळायला गेली, मुलांचं असंच असतं हेही आधी सांगितलं होतं म्हणून आम्ही टिकलो.

आता एक स्टार का कापला. रात्रीचा नंबर! चोवीस तास लिहिलंय खरं पण एका रात्री फोन उलटून यायला इतका वेळ लागला की तोवर जादा डोस देऊन तो झोपलाही होता. सिस्टर मधेच बदलतात आणि नवीन बाईंना सगळी कहाणी पहिल्यापासून सांगायची, तो वैतागतो. समुपदेशकांच्या वेळा नेमक्या माझ्या ऑफिसच्या. आणि ते ऍप, भलत्या वेळी वाजतं आणि दुखणं किती म्हणून हसरे-रडके चेहरे दाखवतं. स्टार किती द्यायचे विचारलं तर नवरा म्हणाला सिस्टरांना पाच, थोबाडांना एक.

अजून एक, केमो चालू असताना ताप 38 सेल्सिअसच्या, म्हणजे 100.4 फॅरनहाइटच्या वर गेला तर यांची वाट बघायची नाही, थेट हॉस्पिटल गाठायचं, रात्र असली तरी. हे त्यांनी स्वतःच पहिल्या दिवशी लिहून दिलंय. तुम्ही नाव नोंदवणार असाल तर आधी तीन गोष्टी विचारून घ्या: रात्री फोन नक्की कोण उचलतं, मॉर्फिन संपत आलं तर किती दिवस आधी कळवायचं, आणि लहान मुलांशी बोलणारं माणूस टीममध्ये आहे का.