पट्टी ओढली की मांजर जातं

मिनालिमा या लंडनच्या स्टुडिओने सजवलेल्या, लुईस कॅरलच्या ‘ॲलिस’मध्ये (२०१९) एक पट्टी ओढली की चेशायर मांजर जातं आणि हसू तेवढं मागे राहतं. सशाच्या घराची घडी उलगडली की आत अवघडून बसलेली भलीमोठी ॲलिस दिसते. फ्लेमिंगो हलवला की हेजहॉगला टोला बसतो. आरशापलीकडच्या जगाचा नकाशा तर चक्क बाहेर काढता येतो. ‘ॲलिस इन वंडरलँड’ आणि ‘थ्रू द लुकिंग-ग्लास’ हे दोन्ही भाग एकाच बांधणीत आहेत.

गंमत आहे, पण कागदाची अशी करामत ‘ॲलिस’चा मूळ चित्रकार जॉन टेनिएलच्या पुस्तकात पट्टीशिवाय आधीच झालेली होती. १८७१च्या दुसऱ्या भागात ॲलिस आरशात शिरते ते चित्र पानाच्या एका बाजूला आणि पलीकडे निघते ते त्याच पानाच्या पाठीवर. पान हाच आरसा! फुटपाथवर टेनिएलची कुठलीही आवृत्ती हाती आली की आधी हे पान काढावं. ही दोन चित्रं समोरासमोर किंवा चार पानांच्या अंतराने असतील, तर छापणाऱ्याने ती नुसती भरली आहेत, हे समजावं.

दुसरी पारख भिंगाची. टेनिएलची चित्रं डॅल्झिएल बंधूंनी लाकडी ठोकळ्यांवर कोरलेली, त्यामुळे रेघ अखंड हवी. स्वस्त पुनर्मुद्रणात दहापट भिंगाखाली रेघेचे ठिपके झालेले दिसतात, नाहीतर बारीक रेघांची जाळी शाईने बुजून नुसता काळा डाग उरतो. खुद्द टेनिएलला छपाई पसंत पडली नाही म्हणून १८६५ साली पहिल्या भागाच्या २,००० प्रतींची छपाई मागे घेतली गेली होती. म्हणजे हा चोखंदळपणा आपल्या पेठांमधलाच नाही.

मिनालिमाच्या आवृत्तीचा पुण्यातला खरा शत्रू जून ते सप्टेंबरची ओल. कागद ओल पिऊन फुगतो, पट्टी खाचेत घट्ट बसते आणि ओढणारा जोर लावतो. ती फाटते खाचेच्या तोंडाशी, कारण सगळा ताण तिथेच येतो. पुस्तक टेबलावर सपाट ठेवून पान तळव्याने दाबावं आणि पट्टी मुळाशी धरून पानाला समांतर, सावकाश ओढावी. अडली तर तिथेच थांबावं. पुस्तक झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत दोन-तीन दिवस ठेवून मग बघावं.

फाटलीच तर सेलोटेप नको. तिचा चिकटा काही वर्षांत पिवळा पडून कागदात उतरतो. फेव्हिकॉलही नको, तो वाळून कडक होतो आणि पुढे सोडवता येत नाही. पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ (कुरडयांच्या चिकाची धाकटी बहीण म्हणा) वापरावी. खळ अगदी थोडी, फाटलेल्या कडेपुरतीच. वर-खाली बटर पेपर सारून रात्रभर हलकं वजन ठेवावं, नाहीतर पट्टी खाचेलाच चिकटते.

पुस्तक आडवं ठेवावं, वर दुसरं काही नको. कपाटात दाटीने उभं केलं की आतल्या घड्या दबतात. न्हाणीघराच्या भिंतीलगतचं कपाट तर टाळावंच.

संग्रहात आधी टेनिएल, मग १९०७चा आर्थर रॅकहॅम, त्याच्या तेरा रंगीत चित्रांसकट. मिनालिमाचं हे तिसरं. रंग झगझगीत आहेत, पण रेघेत टेनिएलचा तिखटपणा नाही. पाच-सहा वर्षांच्या पोरांच्या हाती एकट्याने देऊ नये. जुनी प्रत घेताना विक्रेत्यासमोरच सगळ्या पट्ट्या ओढून पाहाव्यात आणि नकाशा जागेवर आहे ना, तेही बघावं. निघणारा असल्यामुळे हरवतो तो तोच.