प्रायव्हेट गेममधला रेक: काही महिने खेळल्यावरचा अनुभव

बरेच महिने दोन प्रायव्हेट पोकर गेममध्ये खेळतोय. एकात पॉटमधून (डावात जमलेल्या पैशातून) १० टक्के रेक, म्हणजे होस्टचा कट, आणि त्याला कॅप (कमाल मर्यादा) नाहीच. दुसऱ्यात पॉटला हात लावत नाहीत, दर अर्ध्या तासाला सीटचे २ बिग ब्लाइंड (डावाआधी सक्तीने लावायची मोठी रक्कम, खालचे आकडे याच मापात) द्यायचे. दोन्हीकडे खेळ सारखाच लूज (बरेच हात खेळायचा), पण हातात उरतं त्यात जमीन-अस्मानाचा फरक.

कॅप नसलेला रेक काय करतो बघा. दोघांची सेम स्ट्रेट (सलग पाच पत्ते) लागली, प्रत्येकाचे ५० पॉटमध्ये, १०० मधले १० होस्टच्या डब्यात आणि दोघांना ४५-४५ परत, म्हणजे हात बरोबरीत सुटला तरी दोघंही ५ ने खाली! एरवी हे कुणाला टोचत नाही कारण रेक जिंकणाऱ्याच्या ढिगातून जातो आणि तो आधीच खुशीत असतो. पण तासाला २५ हात (डाव) आणि सरासरी पॉट ३० बिग ब्लाइंडचा धरा, तासाला ७५ गेले. पाच तासांत ३७५, म्हणजे १०० वाले पावणेचार बाय-इन (टेबलवर बसताना आणायचे पैसे) टेबलवरून गायब. नऊ जणांत माणशी तासाला ८ च्या वर पडतात, सीटवाल्या गेममध्ये ४. आणि रात्री उशिरा चौघंच उरले की तेच ७५ चौघांत, माणशी जवळपास १९, शिवाय माणसं कमी म्हणून हात पण भराभर होतात. टिप वेगळीच.

खेळ पण बदलावा लागतो. पॉट २०, समोरच्याने १० लावले, कॉलला (तेवढेच लावून पुढे जायला) साधारण २५ टक्के इक्विटी (जिंकायची शक्यता) पुरते, पण ४० मधले ४ कापले जाणार म्हटल्यावर जवळपास २८ लागते. म्हणून काठावरचे कॉल मी सोडूनच दिलेत. फ्लॉप (टेबलवरचे पहिले तीन पत्ते) नाही तर रेक नाही असा नियम असेल तर स्मॉल ब्लाइंडमधून (लहान सक्तीची रक्कम भरणाऱ्या सीटवरून) नुसतं कॉल करण्यापेक्षा रेझ (रक्कम वाढवणं) नाहीतर फोल्ड (पत्ते टाकणं) बरं.

सीटवाला गेम अगदी सोन्यासारखा आहे असं पण नाही हां, तासभर पत्तेच आले नाहीत तरी पैसे द्यायचेच, जेवायला उठलात तरी मीटर चालूच. एकदम टाइट (मोजकेच हात) खेळणाऱ्याला पॉट रेक परवडतो, तो पॉट जिंकतोच किती! पण भरपूर पॉट खेळत असाल तर सीट फी, किंवा निदान ३ बिग ब्लाइंडची कॅप तरी हवी.

पहिल्या गेमला अजून जातो कधीमधी, मंडळी मजेशीर आहेत. फक्त टेबल सहा जणांच्या खाली गेलं की उठतो.