३१५ की ३०-०६? ग्वाल्हेरात रायफल निवडताना

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या काही मराठी घरांची शेती अजून डबरा-भितरवारकडे आहे. त्यांतल्या एखाद्या घरात वडिलांच्या पश्चात मुलाने आपल्या नावावर करून घेतलेला शस्त्रपरवानाही असतो. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात, आणि त्यांतली एक जागा बहुतेकदा जुन्या बारा बोरने, म्हणजे छऱ्यांच्या बंदुकीने, अडवलेली असते. म्हणून रायफल एकच घेता येते, ती कोणत्या बोरची, म्हणजे कोणत्या काडतुसाची, हे परवान्यावर लिहिलं जातं, आणि नंतर मन बदललं तर पुन्हा कलेक्टर कचेरीच्या पायऱ्या. पश्चिम बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी कारखान्याने ३१५ आणि ३०-०६ अशा दोन्ही बोरच्या रायफली बनवल्या आहेत. दोन्ही बोल्टच्या, म्हणजे दर गोळीला हाताने खिटी मागेपुढे ओढायच्या. दुकानदार दोन्ही समोर ठेवतो आणि विचारतो, कोणती बांधू?

निवडीआधी एक गोष्ट पक्की असू द्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकार बंद आहे. नीलगाय किंवा रानडुक्कर पीक खात असलं तरी लेखी परवानगी हातात पडेपर्यंत गोळी झाडता येत नाही. ज्याला ही परवानगी काढायची आहे किंवा जो चांदमारीवर नियमाने जाणार आहे, त्याच्यासाठीच पुढचं.

दोन्ही काडतुसं तळहातावर शेजारी शेजारी ठेवून बघा. ३१५ ची पुंगळी, म्हणजे दारू भरलेलं धातूचं नळकांडं, ५० मिलिमीटरची, बुडाशी बाहेर आलेली कडा, पुढे बोथट नाकाची जड गोळी. हिचं मूळ ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याच्या मानलिखर रायफलीत, १८९० च्या सुमाराचं. इंग्रजांनी लष्करी ३०३ हिंदुस्थानातल्या सामान्य लोकांच्या हाती जाऊ दिली नाही, तेव्हा विलायती कंपन्यांनी इथल्या गिऱ्हाइकासाठी हे परकं काडतूस उचललं आणि ते इथलंच होऊन बसलं. ३०-०६ अमेरिकन सैन्याचं, १९०६ सालचं. पुंगळी ६३ मिलिमीटर, कडेच्या जागी नुसती खाच, आणि गोळी टोकदार.

आता आकडे. ३१५ ची नेहमीची गोळी २४४ ग्रेनची, म्हणजे पावणेसोळा ग्रॅमच्या आसपास, आणि नळीतून सेकंदाला साधारण ६१० मीटर वेगाने निघणारी. ३०-०६ मध्ये १५० पासून २२० ग्रेनपर्यंत गोळ्या येतात. त्यांतली १८० ग्रेनची, पावणेबारा ग्रॅमची, सुमारे ८२० मीटर वेगाने जाते. वजन गुणिले वेग केलं तर दोघींचा हिशोब जवळपास एकच येतो. पण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे ३१५ जिथे २,९०० जूलच्या घरात राहते तिथे ३०-०६ जवळजवळ ३,९०० जूल घेऊन निघते. कागदावर फरक मोठा आहे, यात वाद नाही.

शेतात तो कितपत उरतो, ते अंतरावर ठरतं. शंभर मीटरवर नेम जमवलेली ३०-०६ दोनशेला दहा-बारा सेंटिमीटर खाली लागते. ३१५ त्याच अंतरावर वीतभराहून जास्त खाली येते, आणि हे मनात धरून नेम वर घेणं नवख्याला जमत नाही. दीडशेच्या पुढे जाणार असाल, दुर्बीण बसवणार असाल, तर ३०-०६ शी ३१५ ची बरोबरी नाही. पण गव्हाच्या बांधावर सांजवेळी प्रत्यक्ष अंतर किती असतं? साठ, ऐंशी, फार तर सव्वाशे मीटर. एवढ्यात रानडुकराला दोन्हींतली कुठलीही नीट लागलेली गोळी पुरते, आणि चुकीच्या जागी लागलेली कुठलीही पुरत नाही. जखमी जनावर उसात शिरलं की त्याचे हाल होतातच, शिवाय दुसऱ्या दिवशी तिथे कामाला येणाऱ्या बाईच्या जिवाला धोका.

जड, बोथट गोळी झुडपातून सरळ निघून जाते, असं अनेक जण छातीठोकपणे सांगतात. हे खरं नाही. काटकीला घासली की दोन्ही भरकटतात. आड काही असेल तर चाप ओढायचाच नाही.

मला सगळ्यात जास्त काळजी गोळीच्या पुढच्या प्रवासाची वाटते. डबऱ्याकडची जमीन सपाट आहे. चुकलेली गोळी, दोन्हींतली कुठलीही, दोन किलोमीटरच्या पुढे जाऊ शकते, आणि तेवढ्यात एखादी वस्ती, एखादा पंप, रस्त्यावरची मोटारसायकल येतेच. चंबळकडच्या बीहडात मागे मातीचा कडा तरी असतो, इथे तोही नाही. मचाण बांधून वरून खाली नेम धरला तर गोळी जमिनीत जाते. काडतूस कोणतं यापेक्षा याचा विचार आधी करा. आणि लग्नाच्या वरातीत हवेत बार काढायची हौस असेल तर रायफल घेऊच नका. २०१९ पासून त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत, आणि वर गेलेली गोळी कुठेतरी खाली येतेच.

खांद्याला धक्का ३०-०६ चा जास्त बसतो. फरक फार नाही, पण दहाव्या गोळीला नवखा माणूस डोळे मिटू लागतो आणि तिथेच नेम बिघडतो. शिवाय सराव करायचा तर काडतूस मिळायला हवं. ३१५ ग्वाल्हेरच्या दुकानांत सहज मिळते आणि स्वस्त पडते. बुडावर के. एफ. ही अक्षरं दिसली तर ती आपल्या पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्याची. ३०-०६ साठी दुकानदाराला सांगून ठेवावं लागतं, आणि परदेशी माल आला तर किंमत ऐकून माणूस सराव आखडता घेतो.

३१५ चा एक दोष मात्र खरा आहे. मॅगझीन भरताना वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या कडेपुढेच बसली पाहिजे. उलटी बसली तर बोल्ट पुढे रेटला तरी काडतूस अडतं. घाईत, अंधारात हे हमखास होतं. घरी, रिकाम्या खोलीत, डमी काडतुसांवर बोटांना सवय लावा. ३०-०६ ला हा त्रास नाही.

तेव्हा माझं मत असं. शेतराखणीची परवानगी, सव्वाशे मीटरच्या आतलं अंतर, दुर्बिणीशिवाय लोखंडी माशीवर नेम: ३१५ घ्या आणि वाचलेले पैसे सरावात घाला. दुर्बीण लावून दोनशे मीटरवर कागद फोडायचा असेल आणि काडतुसांचा खर्च वर्षानुवर्षं झेपणार असेल, तर ३०-०६.

जुनी ३१५ स्वस्तात मिळत असेल तर ती रिकामी असल्याची खात्री करून बोल्ट काढा आणि नळीतून उजेडाकडे बघा. आट्यांच्या, म्हणजे नळीत आतून कोरलेल्या पिळाच्या, कडा धारदार दिसायला हव्यात. खड्डे किंवा काळे डाग दिसले तर ती सोडून द्या. त्या रायफलीबरोबर घरात सापडलेली जुनी काडतुसंही घेऊ नका. ३१५ प्रमाणेच ‘आठ मिलिमीटर’ नावाने माउझरचं ५७ मिलिमीटर पुंगळीचं काडतूसही ओळखलं जातं, ते वेगळं, आणि ३१५ मध्ये ते घालून बघणं जिवावर बेतू शकतं. नळीवरचा बोर आणि परवान्यावरचा बोर जुळतोय ना, हे बयाणा देण्याआधी वाचून घ्या.