बडोद्यात मोठ्यांसाठी तिरंदाजीचा वर्ग: माझे आठ महिने

होळीनंतरच्या पहिल्या रविवारी मी या वर्गाला गेले आणि आता दिवाळी होऊन गेली. पावसाळा सोडला तर एकही रविवार चुकवलेला नाही, म्हणून चांगलं-वाईट दोन्ही लिहिते आहे. माझं वय 47. रावपुऱ्यात माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे, 22 वर्षं झाली. वडिलांनी दांडियाबाजारात जुम्मादादा व्यायाममंदिरात मल्लखांब केला होता, पण मी शाळेतल्या लंगडीनंतर कुठलाच खेळ खेळले नव्हते.

वर्ग शहराबाहेर, वाघोडियाच्या बाजूला आहे. मागे मातीचा उंच बांध, पुढे 10, 18 आणि 30 मीटरवर चुन्याच्या रेघा, एक पत्र्याची शेड आणि पिण्याच्या पाण्याचं पिंप, एवढंच. मोठ्यांची बॅच फक्त रविवारी सकाळी. फी महिन्याला 1500 रुपये, तीन महिन्यांची एकदम भरायची, धनुष्य-बाण त्यांचेच. आम्ही नऊ-दहा जण असतो. एक रेल्वेतून निवृत्त झालेले काका आहेत, दोघी नर्स आहेत, बाकी नोकरीवाले. मुलांच्या बॅचमध्ये आम्हाला मिसळत नाहीत, हे मला फार आवडलं. दहा वर्षांच्या मुलाच्या शेजारी उभं राहून शिकताना मोठं माणूस आक्रसतं, आणि आक्रसलेल्या खांद्यांनी धनुष्य ओढताच येत नाही.

आता मुख्य गोष्ट. पहिल्या दिवशी तिथल्या मदतनीस मुलानं विचारलं, "कुठल्या हातानं लिहिता?" मी म्हटलं उजव्या. त्यानं उजव्या हाताचं धनुष्य दिलं. दोन रविवार माझा एकूण एक बाण डावीकडे गेला. 10 मीटरवरून, म्हणजे दुकानापासून समोरच्या फुटपाथएवढ्या अंतरावरून, टार्गेटच्या बाहेर! घरी येऊन मी रडले होते, तेही लिहून टाकते.

तिसऱ्या रविवारी मोठे सर आले. त्यांनी मला हात लांब करायला लावले, दोन्ही तळव्यांच्या मधे छोटी खिडकी करायला सांगितली आणि त्या खिडकीतून बांधावरच्या कडुलिंबाची गाठ बघायला लावली. मग म्हणाले, एक एक डोळा मिटा. उजवा मिटला तर गाठ जागच्या जागी. डावा मिटला तर गाठ गायब, नुसतं आभाळ. म्हणजे माझा हात उजवा, पण नेम धरणारा डोळा डावा. बाणाचं शेपूट उजव्या डोळ्याखाली आणि बघते आहे मी डाव्या डोळ्यानं, मग बाणाचं टोक डावीकडेच वळणार. सर म्हणाले, "बेन, हाथ शीखी जशे, आंख नहीं शीखे." हात शिकेल, डोळा नाही शिकणार.

दुसऱ्या दिवशी दुकानात सुईत दोरा ओवताना माझ्या लक्षात आलं, की मी सुई नेहमी डाव्या डोळ्यासमोरच धरते. इतकी वर्षं ते कधी जाणवलंच नव्हतं.

तेव्हा कुठल्याही वर्गाला जा, पहिल्या दिवशी ही डोळ्याची परीक्षा करून घ्याच. तिला दोन मिनिटं लागतात. माझे दोन रविवार गेले. ही माझी पहिली तक्रार, आणि मी ती सरांना सांगितली आहे. आता नवीन माणूस आला की ते आधी खिडकी करायला लावतात.

म्हणजे आता मला दोरी डाव्या हातानं ओढायची होती. डाव्या हाताचं धनुष्य वेगळं असतं. मधल्या मुठीला बाण टेकवायला जी खाच असते, ती दुसऱ्या अंगाला लागते, त्यामुळे उजव्याचं धनुष्य उलटं धरून चालत नाही. वर्गात डाव्या हाताचं एकच होतं, शेडच्या कोपऱ्यात, पोत्याखाली. सरांनी पुसून दिलं. तेच मी आजवर वापरते.

त्याच्या खालच्या पात्यावर, म्हणजे मुठीखालच्या वाकणाऱ्या भागावर, लिहिलंय 66-24. म्हणजे धनुष्य 66 इंचांचं, आणि दोरी 28 इंच ओढली तर 24 पाउंडांचं वजन येतं. पण माझे हात लहान. सरांनी भिंतीला पाठ लावून माझे दोन्ही हात पसरायला लावले, टेप माझ्याच पिशवीतली. या बोटापासून त्या बोटापर्यंत 62 इंच. त्याला अडीचनं भागायचं, आले साधारण 25, तेवढेच इंच माझी दोरी ओढली जाते. 28 ला कमी पडणाऱ्या प्रत्येक इंचामागे दोनेक पाउंड कमी धरायचे, म्हणजे माझ्या हाताला खरं वजन 18 च्या आसपास. मापाशिवाय कापडाला कात्री न लावणाऱ्या बाईला हा हिशेब ऐकून फार बरं वाटलं. आमच्या बॅचमधल्या एका तरुण मुलानं हट्टानं 36 पाउंडांचं मागितलं होतं. सरांनी दिलं नाही. जड धनुष्य ओढताना खांदा कानापर्यंत वर येतो, आणि एकदा ती सवय लागली की सुटत नाही, असं ते म्हणतात. मोठ्या वयात शिकणाऱ्यांना हलकं धनुष्य देण्यात सर एवढे ठाम आहेत, हे या वर्गाचं सगळ्यात मोठं श्रेय.

धनुष्याचे रिकर्व्ह आणि कंपाउंड असे प्रकार असतात. इथे रिकर्व्ह शिकवतात, कंपाउंड नाही, हे जाण्याआधी माहीत असू द्या. 2023 मध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी 17 व्या वर्षी जगज्जेती झाली आणि नागपूरच्या ओजस देवतळेनं अंतिम फेरीत 150 पैकी 150 गुण मिळवले, ते दोघं कंपाउंडचे. माझं माहेर साताऱ्याचं, त्या रात्री आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर पेढ्यांचे फोटो फिरत होते आणि माझ्या मनात हे वेड तिथूनच शिरलं. कंपाउंडला दोन टोकांना चाकं असतात, पूर्ण ओढल्यावर हातावरचं वजन बरंच उतरतं आणि नेम शांतपणे धरता येतो. रिकर्व्हमध्ये उलट, जितकं ओढाल तितकं जड, आणि सगळ्यात जड असतं तेव्हाच स्थिर राहायचं. दोरी हनुवटीखाली टेकते, नाकाच्या शेंड्याला लागते, आणि त्या दोन-तीन सेकंदांत जग अगदी गप्प होतं.

डाव्या हाताचं धनुष्य मिळाल्यावर पहिला महिनाभर गुण मोजलेच नाहीत. आधी रबराचा पट्टा ओढायचा, मग 5 मीटरवरून रिंगा नसलेल्या कोऱ्या टार्गेटवर बाण मारायचे. काकांना हे कंटाळवाणं वाटलं, मला मुळीच नाही. दंडानं नाही, पाठीनं ओढायचं, खांद्यांची पाती मागे एकमेकींजवळ आणायची, हे शब्द कानाला लगेच कळतात, पण पाठीला कळायला मला जून उजाडला. मी घाईनं दोरी सोडली की मागून आवाज येतो, "उतावळ ना करो, बेन."

सुरक्षेच्या बाबतीत पूर्ण गुण. दोन शिट्ट्या म्हणजे रेघेवर उभं राहा, एक म्हणजे मारा, तीन म्हणजे बाण आणायला चला. पाच शिट्ट्या वाजल्या तर असाल तसे थांबा, आणि त्या मी एकदाच ऐकल्या, बांधावर बकरी चढली होती तेव्हा. बाण काढताना एक हात टार्गेटवर सपाट ठेवायचा, दुसऱ्यानं बाण मुळाशी धरायचा, मागे कुणी नाही ना बघायचं आणि सरळ ओढायचा. बाण न लावता दोरी सोडायची नाही, कारण मग सगळा जोर धनुष्याच्याच अंगात जातो आणि पाती तडकू शकतात. एकदा कुणाकडून तसं झालं, तर सरांनी ते धनुष्य उतरवून दोन्ही पात्यांवर बोट फिरवत फिरवत चीर शोधली, दहा मिनिटं.

मात्र हाताला बांधायचे पट्टे जुने आहेत. वेल्क्रो धरत नाही, पट्टा घसरतो आणि दोरी कोपराच्या आतल्या बाजूला बसते. माझा हात पंधरा दिवस जांभळा होता. शेवटी स्वतःचा पट्टा आणि बोटांत घालायचं चामडं विकत घेतलं. एवढ्या दोनच गोष्टी सुरुवातीला घ्या. धनुष्य निदान सहा महिने घेऊ नका, ताकद वाढते तसं वजन बदलतं.

दुसरी तक्रार पैशांची. जुलै-ऑगस्टमध्ये मैदानात गुडघाभर चिखल, वर्ग बंद, आणि फी तर आधीच घेतलेली. ग्रुपवर नुसता एक मेसेज आला. मी विचारलं तेव्हा एक महिना पुढे धरून दिला, न विचारणाऱ्यांना काहीच मिळालं नाही. हे बरोबर नाही. जूनमध्ये तिमाही भरू नका, महिन्याचीच फी द्या.

सप्टेंबरमध्ये पुन्हा सुरू झालं तेव्हा माझ्या धनुष्याच्या दोरीवरचं मधलं वेष्टन सुटायला लागलं होतं. बाणाची खाच जिथे बसते, तिथे दोरीवर बारीक धागा घट्ट गुंडाळलेला असतो, त्याला सर्व्हिंग म्हणतात. मी सरांना म्हटलं, मी करू? त्यांनी धाग्याची रिळं आणि गुंडाळायचं छोटं यंत्र हातात दिलं. शेडमध्ये पत्र्याखाली बसून मी वेढ्याला वेढा लावत गेले, मधे फट राहू दिली नाही, शेवटचं टोक आत ओढून घेतलं. मग दोरीला मेण लावलं. बटणाच्या दोऱ्याला लावते तसलंच मेण, तोच वास. सरांनी नखानं वेढे खरवडून बघितले आणि दुसऱ्या चार दोऱ्या माझ्यासमोर आणून ठेवल्या.

सध्या मी 18 मीटरवर आहे. चांगल्या दिवशी तीन बाण एका बशीत मावतील इतके जवळ बसतात. वाईट दिवशी नाही बसत, पण आता एकही डावीकडे पळत नाही.

दिवाळीनंतर एक नवीन बाई आल्या आहेत, मांजलपूरच्या, शाळेत शिकवतात. त्यांच्याही खिडकीत डावाच डोळा निघाला. डाव्या हाताचं दुसरं धनुष्य घ्या म्हणून आम्ही दोघी सरांच्या मागे लागलो आहोत. नवं येईपर्यंत सकाळी सात ते आठ या वेळेत हे एकच धनुष्य माझ्याकडे, आठ ते नऊ त्यांच्याकडे.