शाळेच्या आवारात सागरी कासव: फलक, रंगवलेली भिंत की वाळूतलं घरटं?

शाळेच्या आवारात सागरी कासवांचं प्रदर्शन मांडायचं ठरलं की विदर्भातल्या, समुद्र न पाहिलेल्या मुलांचा पहिला प्रश्न ‘आपला काय संबंध?’ हाच असतो. उत्तर गावच्या नाल्यात आहे. वैनगंगा आणि वर्धा मिळून प्राणहिता होते, ती सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. त्याच किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले ही सागरी कासवं अंडी घालतात. अकोला-बुलढाण्याकडच्या पूर्णेकाठच्या गावांनी नकाशा तापीमार्गे अरबी समुद्राकडे न्यावा. प्रदर्शन कोणतंही करा, हा नकाशा त्यात हवाच.

फ्लेक्सचा विचार सोडून द्या. आपल्या उन्हात लाल-पिवळा रंग आधी उडतो, निळा तेवढा उरतो आणि पावसाळ्याआधीच्या वादळात कापड फाटतं. शिवाय ते प्लॅस्टिकच; फाटलेले तुकडे शेवटी नाल्यातच जातात. फलकच हवा असेल तर रंगवलेला पत्रा घ्या आणि त्याचं तोंड उत्तरेकडे ठेवा. खांबांसाठी हातभर खड्डा पुरत नाही. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि खांब कलतो. मुरूम लागेपर्यंत, निदान १ मीटर खणा; तळाशी काँक्रीट घाला आणि वरचा भाग काळ्या मातीऐवजी मुरमाने भरा.

रंगवलेली भिंत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी देखभालीची. पावसाळ्यानंतर भिंत पूर्ण सुकू द्या, प्रायमर मारा, मग बाहेरच्या भिंतीचा इमल्शन रंग द्या. खालच्या दीड-दोन फुटांत ओल चढून पापुद्रे निघतात, म्हणून तिथे मजकूर नको. खरी चूक चित्रातच होते: पेंटर तळ्यातलं कासव काढतो. सागरी कासवाला वल्ह्यासारखे पर असतात, डोकं आणि पर कवचात ओढून घेता येत नाहीत. ऑलिव्ह रिडलेची पाठ साधारण ६५ सेंमी लांब. चित्र त्याच मापाचं काढा. भिंतीचा मोठा फायदा म्हणजे नवं संशोधन नव्या रेघेने जोडता येतं. २०२२च्या जानेवारीत रत्नागिरीतल्या वेळासला ‘प्रथमा’ या मादीच्या पाठीवर उपग्रह ट्रान्समीटर बसवला गेला. ओडिशात टॅग लावलेली एक मादी २०२५मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. दोन किनारे जोडणारी ही रेघ मुलांना बोटाने गिरवता येईल इतक्या उंचीवर हवी.

तरीही शिकण्याच्या दृष्टीने वाळूतल्या नकली घरट्याची सर कशालाच नाही. २ मीटर लांब-रुंद आणि ७५ सेंमी खोल खड्डा घ्या, तळाशी १५ सेंमी गिट्टी, वर चाळलेली वाळू. ब्रासभर (१०० घनफूट) वाळू पुरते. सरकारी लिलाव झालेल्या वाळूघाटाचीच घ्या, पावती ठेवा. मधोमध ४५ सेंमी खोल, सुरईसारखं तळाशी फुगीर घरटं करा. अंड्यांसाठी टेबल टेनिसचे ४० मिमी चेंडू मापाला जवळजवळ बरोबर बसतात. १०० ते १२० लागतील. मात्र पोकळ चेंडू पावसात वर तरंगून येतात. म्हणून भोक पाडून बारीक वाळू भरा आणि एम-सीलने बुजवा.

घरट्याशेजारी दोन थर्मामीटर ठेवा, एक पृष्ठभागावर, एक अंड्यांच्या खोलीवर. मुलांनी रोज नोंद करावी. वाळूचं तापमान साधारण २९-३० अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर पिल्लांत नर जास्त, वर गेलं तर माद्या जास्त. हवामानबदल आणि कासव यांचं नातं वहीतल्या आकड्यांतूनच उमजतं. बिघडतं ते असं: गिट्टीखालून पाण्याला वाट नसेल तर काळ्या मातीत खड्ड्याची विहीर होते, म्हणून उताराकडे पाइप काढा. कुत्री-मांजरं वाळू घाण करतात, सुट्टीत ताडपत्री घाला. वर सावलीसाठी हिरवी जाळी नसेल तर एप्रिलमध्ये अनवाणी पाय भाजतात.

रोज बघणारा शिक्षक किंवा उत्साही वर्ग असेल तर घरटं करा आणि नकाशा शेजारच्या भिंतीवर काढा. तसं कोणी नसेल तर फक्त भिंत. उघडं, घाण झालेलं वाळूचं खोकं कोणालाच काही शिकवत नाही. आणि जिवंत नमुना म्हणून तळ्यातलं कासव टाकीत आणून ठेवू नका. आपल्याकडच्या बहुतेक कासवांना १९७२च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाचं संरक्षण आहे. ते पकडणं, पाळणं गुन्हा ठरतो.